दोन बोटं माया

माझी धाकटी बहीण सोडली तर माझ्या दंडाचं माप आजवर कुणी घेतलेलं नाही. त्यामुळे दवाखान्यातल्या नर्सने दंडाला पट्टा गुंडाळून तो फुगवायला घेतला, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अगं, जरा सैल धर. दोन बोटं आत गेली पाहिजेत."

"हे शिवणकाम नाही, ब्लडप्रेशर आहे," नर्स म्हणाली. मग तिने आकडा पाहिला, पुन्हा एकदा पट्टा फुगवला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. म्हणाले, "गोळी अर्धं काम करेल. उरलेलं अर्धं तुम्हालाच करायचंय. ताण कसला आहे?"

"शिवणाऱ्या बाईला कसला ताण असणार? शिवणीवर पडतो तेवढाच."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक पंचविशीची मुलगी बसली होती. तिचं काम म्हणजे लोकांना ताण कमी करायला शिकवणं. ती मी आत आल्यावर हसली, बसल्यावर हसली आणि माझा आकडा वाचूनही हसली. मी तिचं नाव तिथल्या तिथे 'हसरी' ठेवून टाकलं.

हसरीने कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या. रोज अर्धा तास चालायचं. चहा दोनच कप. झोपायची वेळ ठरलेली. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं शांत बसून छाती भरून श्वास घ्यायचा. आणि संध्याकाळी एका वहीत त्या दिवशी घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या.

"आणि वाईट विचार आला ना, की त्याला दारातूनच परत पाठवायचं, मावशी," ती म्हणाली.

"आणि तो आत येऊन चहाला बसला असेल तर?"

"तर त्याला चहा द्यायचा नाही. दोनच कप आहेत ना आता!"

पोरगी हजरजबाबी होती. पण ते 'मावशी' मला टोचलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे काकू, मामी यातलं मी कुणाचीच काही नाही. मावशी मात्र आहे, ती एकाच मुलाची, धाकटीच्या. त्याने मला मावशी म्हटल्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

माझं दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे काच, काचेला लागून कापायचं टेबल. आतल्या भिंतीशी दोन मशीन, शेजारी-शेजारी. मागे इस्त्रीची फळी आणि पडदा लावलेला कोपरा, तिथे गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात. पाटीवर माझं नाव. धाकटीचा नवरा गेला, तेव्हा ती तीन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली आणि दुसऱ्या मशीनवर बसली, ती सव्वीस वर्षं. पाटी तेवढी बदलायची राहून गेली. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. माप आणि कात्री माझी, शिलाई आणि अस्तर तिचं. मी तिच्या मशीनला हात लावायचा नाही, तिने माझ्या कात्रीला. माझी कात्री ती कागद कापायलासुद्धा घेत नसे, आणि मी अस्तर लावलं तर ते हमखास फुगे, म्हणून मी त्या वाटेला जात नसे.

भांडण व्हायचं ते मायेवरून. माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड. ते बाहेरून दिसत नाही. कपडा अंगाला घट्ट झाला की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर सोडायची, की आणखी चार वर्षांची सोय. धाकटीला दोन बोटं माया लागायची. मी अर्धं बोट ठेवायची. बेतून कापावं, कापडाचा मान राखावा, अशी माझी शिकवण. माझ्या टेबलाखाली चिंध्या सापडत नाहीत, हे मी अभिमानाने सांगत आले.

"ताई, माणूस एका मापाचा राहत नाही," धाकटी म्हणायची.

"मग त्याने खाणं कमी करावं," मी म्हणायची. असं आमचं सव्वीस वर्षं चाललं, आणि त्यात दोघींनाही मजा यायची.

आता तिचं मशीन झाकलेलं होतं. मी एकटीच कापायची, एकटीच शिवायची. अस्तराची कामं घेणं मी बंद केलं होतं. गिऱ्हाइकाला सांगायची, "हल्ली डोळे साथ देत नाहीत." डोळ्यांना काही झालं नव्हतं.

चालायला मी सुरुवात केली ती डॉक्टरांच्या धाकाने. दुकानापासून बागेला वळसा घालून परत, एवढं बरोबर अर्ध्या तासाचं होतं. पण बागेत बँडवाले सराव करतात. त्यांचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं, म्हणून मी कालव्याच्या कडेचा लांबचा रस्ता धरला. तो भरतो पाऊण तास. पुढे माझं जे वजन उतरलं, त्याचं श्रेय हसरीने सकारात्मक विचारांना दिलं. खरं श्रेय त्या ट्रम्पेटवाल्यांना आहे.

चहा दोन कपांवर आला. पहिले आठ दिवस मी गिऱ्हाइकांवर इतकी खेकसले की एक बाई हातातला फ्रॉक तसाच घेऊन परत गेली. झोपेची वेळ ठरवली. झोपेने ती ठरवली नाही, पण मी पडून राहायची.

वहीत पहिल्या दिवशी लिहिलं: 'एक, सकाळ झाली. दोन, दुपार झाली. तीन, संध्याकाळ झाली.' पुढच्या भेटीत हसरीने ते वाचलं आणि पोट धरून हसली. "मावशी, चांगली सुरुवात आहे. फक्त जरा बारकाईने बघा. कपडा बघता तशा."

मग मी बारकाईने बघायला लागले. माझं सगळं आयुष्य बारकाईने बघण्यातच गेलंय, मला ते काही जड नव्हतं. लिहायला लागले: 'सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. (एरवी ती ओवून द्यायची.)' 'कालव्याच्या काठी एक म्हातारा कुत्र्याशी राजकारणावर बोलत होता. (तिला सांगायला हवं होतं.)' 'शाळेच्या मुलीच्या झग्याला काज छान जमलं. (तिच्याइतकं नाही.)' मला वाटायचं, मी चांगलंच लिहितेय.

पाचातल्या चार गोष्टी अशा कशाबशा चालू होत्या. पाचवी काही केल्या जमेना, ती म्हणजे श्वास.

सकाळी खुर्चीत ताठ बसायची. डोळे मिटायची. हसरीने सांगितल्याप्रमाणे मनात चार मोजत श्वास घ्यायची, छाती वर यायची, आणि तिसऱ्या आकड्याला मला शिवण उसवल्याचा आवाज यायचा. टर्र... माझे डोळे उघडायचे आणि छाती धडधडायला लागायची. ज्याने शांत व्हायचं त्यानेच माझा आकडा वाढायचा. हसरीला मी हे सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तुम्हाला सांगते.

दोन वर्षांपूर्वी बँडमास्तर दुकानात आले. वीस वाजवणाऱ्यांना वीस कोट, निळे, पितळी बटणांचे. आमच्या दुकानाला एवढं मोठं काम कधी आलं नव्हतं. वीसही जण ओळीने आत आले आणि मी त्यांची मापं घेतली. मी टेप लावते तेव्हा माणूस श्वास सोडून उभा राहतो. का ते मला ठाऊक नाही, बहुतेक घाबरून. धाकटी मशीनवरून म्हणाली, "ताई, त्यांना श्वास भरून घ्यायला लाव. हे लोक फुंकणारे आहेत." मी म्हटलं, "तू तुझं बॉबिन भर." आणि नेहमीप्रमाणे अर्धं बोट माया ठेवून वीस कोट कापले.

बागेत पहिला कार्यक्रम झाला. आम्ही दोघी पहिल्या रांगेत होतो. बँडमास्तरांनी काठी वर केली, वीस जणांनी एकदम छाती भरून घेतली, आणि पहिला सूर निघायच्या आधीच टर्र टर्र टर्र असा दुसराच आवाज सगळ्या बागेने ऐकला. काखेतून, पाठीतून कोट उसवले. लोक इतके हसले की वाजवणाऱ्यांनाही फुंकता येईना.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर वीसही कोट घेऊन दुकानात आले. "बाहेर सोडून द्या," म्हणाले. सोडायला आत होतं काय? अर्धं बोट! त्यातलंही उसवताना विरलेलं. मी शिवण उलटीसुलटी करून बघितली. मला सगळं समजलं होतं. आणि मी म्हणाले, "शिलाई कच्ची पडलीय. माझ्या बहिणीचं काम आहे."

धाकटी समोरच उभी होती. गळ्यात टेप, हातात कसलंतरी अस्तर. तिने माझ्याकडे बघितलं. ती काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. ती बँडमास्तरांना म्हणाली, "माफ करा," आणि मशीनवर जाऊन बसली.

हे सगळं एका वाक्यात घडलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लोकांना चिकार वेळा ऐकवलीय. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी अंगणालासुद्धा दोष दिला नाही, सख्ख्या बहिणीला दिला.

त्यानंतर तीन दिवस ती दुकानात येत होती, माझ्याकडे पाठ करून काहीतरी शिवत होती. मी बोलले नाही. मला वाटलं, ती बोलेल. चौथ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा आला. त्याचं घर रेल्वेने चार तासांवर आहे. तो म्हणाला, "आईला काही दिवस घेऊन जातो." मावशी म्हणाला नाही. आत आला नाही. ती गेली तेव्हा मी टेबलावर वाकून कापत होते. काय कापत होते ते आठवत नाही. वर बघितलं तेव्हा खुंटीवर माझा करडा कोट तयार होऊन लटकत होता.

त्या कोटाची गोष्ट अशी की त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच ठाणातलं, म्हणजे एकाच ताग्यातलं, करडं लोकरी कापड घेतलं होतं, एकेक कोट शिवायला. दोन्ही मीच कापले होते. तुकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून उलट्या बाजूला खडूने लिहिलं होतं, माझ्या तुकड्यांवर 'ता' आणि तिच्यावर 'धा'. तिने माझा शिवून ठेवला आणि आपले तुकडे गुंडाळून सोबत नेले. मी दोन हिवाळे तो कोट घातला. दर वेळी घालताना वाटायचं, आज फोन करावा. मग वाटायचं, तिने का करू नये? सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही.

चौथ्या भेटीत हसरीने वही पहिल्या पानापासून वाचली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच न हसता बराच वेळ वाचत राहिली.

"मावशी, ही कंसातली 'ती' कोण?"

"कोण ती?"

"रोज आहे. सुरुवातीचे दिवस सोडले तर एकही चुकलेला नाही. चांगली गोष्ट कंसाच्या बाहेर आहे की आत, तेच कळत नाही मला."

मी तिच्या हातातून वही ओढून घेतली. म्हटलं, "तुला तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात ना? आहेत. कंस मोजायचं तुझं काम नाही." आणि तरातरा बाहेर पडले. रागात बागेकडे वळले, बँडचा आवाज आला आणि पुन्हा कालव्याकडे पळाले. त्या दिवशी तासभर चालले. घरी येऊन वही उघडली, तर हसरीचं म्हणणं खरं होतं. एकशे चार कंस होते.

मला धाकटी हवी होती. एवढी साधी गोष्ट आहे. मला तिच्या मशीनचा आवाज पाठीमागे हवा होता, तिचं ते नाकात गुणगुणणं हवं होतं, ज्यावर मी इतकी चिडायची. मला म्हाताऱ्याच्या कुत्र्याची गोष्ट तिला सांगायची होती. छप्पन्न वर्षांची बाई मी, आणि संध्याकाळी वही मांडीवर घेऊन रडले.

थंडी पडायला लागली तशी मी खुंटीवरचा कोट काढला. अंगात घातला तर खांद्यावरून घसरायला लागला. बाजूला मूठ मूठभर कापड हातात येत होतं. चालण्याने मी निम्मी झाले होते, असं समोरचा पाववाला म्हणत होताच. त्याच्या पावाचा खप माझ्यामुळे कमी झाला, म्हणून तो तसंही म्हणाला असता.

रविवार होता, दुकान बंद. कोट आत घ्यायचा तर आधी अस्तर उघडायला हवं. तिच्या अस्तराला कात्री लावायची माझी हिंमत होईना. शेवटी एकेक टाका सुईच्या टोकाने सोडवत, काखेपासून खालपर्यंत मी ते मोकळं केलं आणि आत बघितलं.

आत दोन बोटं माया होती.

मी चष्मा पुसला. मी कापलेल्या कोटात दोन बोटं माया असणं शक्यच नव्हतं. मी अर्धं बोट ठेवलं होतं, तो माझा हात होता आणि माझी सवय. मी कापड उलटं केलं. शिवणीच्या आत, माझ्या अर्ध्या बोटाला, त्याच करड्या कापडाची एक लांब पट्टी जोडलेली होती. जोड इतका बारीक की नखाने चाचपल्याशिवाय लागत नव्हता. दुसऱ्या बाजूलाही तशीच पट्टी. आणि पट्टीवर पिवळ्या दोऱ्याने कच्चे टाके घातलेले, तीन ओळींत. हा तिचा जुना रिवाज. पुढे कुणालाही कोट सोडताना पुन्हा आखावं लागू नये, म्हणून आधीच खूण करून ठेवायची. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. ती मला तीन वेळा जाड होऊ देणार होती.

पण कापड आलं कुठून? ठाण संपलं होतं. उरलेलं काही नव्हतं, माझ्या टेबलाखाली चिंधीसुद्धा नसते. मी डावीकडची पट्टी उजेडात धरली. उलट्या बाजूला खडूची पुसट रेघ होती, वर छोटी गाठ, शेजारी काना, खालचा अर्धा भाग कात्रीत गेलेला. अक्षर माझंच होतं. ते 'धा' होतं.

तिने स्वतःच्या कोटातून कापून घेतलं होतं. त्या तीन दिवसांत, माझ्याकडे पाठ करून बसून ती हेच करत होती. मी तिच्यावर गिऱ्हाइकासमोर खोटा आळ घेतला होता, आणि ती माझ्या कोटात माया घालत होती.

मी खुर्चीत बसले. छातीत धडधडत होतं. हसरीचं आठवलं, आणि मी चार मोजत श्वास घ्यायला लागले. एक. दोन. तीन. शिवण उसवल्याचा आवाज आला. या वेळी मी डोळे उघडले नाहीत. येऊ दिला. वीसच्या वीस कोट उसवू दिले. चार. मग सहा मोजत श्वास सोडला. असं दहा-बारा वेळा केलं आणि फोन उचलला.

चौथ्या घंटीला तिने घेतला. "हॅलो?"

मी श्वास घेतला. सोडला.

"ताई?" ती म्हणाली. "ताई, तू धापा का टाकतेयस?"

"धापा नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर."

"काय झालंय तुला?"

"ब्लडप्रेशर. आता बरंय. चहा दोनच कप घेते."

"तू? दोन?" ती म्हणाली, आणि तिला हसू आलं असं मला वाटलं. तिच्या घरात मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

मला धीर धरवेना. मी म्हटलं, "ते बँडचे कोट. शिलाई कच्ची नव्हती. मी माया ठेवली नव्हती. तू सांगितलं होतंस तरी मी त्यांना श्वास घ्यायला लावला नाही. चूक माझी होती, आणि मी तुझ्यावर ढकलली."

"माहितेय," धाकटी म्हणाली. "मीच शिवत होते ना. मला नाही कळणार?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"पाटीवर तुझं नाव होतं, ताई. माझं नाव गेलं तर एक शिलाईवाली गेली. तुझं गेलं तर दुकान गेलं असतं." मग म्हणाली, "पण नंतर तरी तू बोलशील असं वाटलं होतं. तीन दिवस मी पाठ करून बसले, म्हणजे तुला बोलायला सोपं जाईल. तोंडाकडे बघून तुला कधीच काही कबूल करता आलेलं नाही."

मी तर त्या पाठीला रुसवा समजले होते.

"कोट उघडला मी," मी म्हटलं. "पट्ट्या बघितल्या."

"घट्ट झाला?"

"सैल झाला. मी रोज चालते."

आता ती खरंच हसली. "म्हणजे मी उगाचच कापलं म्हण की."

"तुझा कोट कुठंय?"

"कसला कोट? बाजूचं कापड काढल्यावर उरलं काय? तुकडे तसेच पडलेत गाठोड्यात. सुनेची जुनी शाल घेते, भागतं."

"पट्ट्या मी काढून ठेवते. तुकडे घेऊन ये. जोड देऊन तुझा कोट होईल. मी बेतते."

"पोस्टाने पाठवते की. मापं तुझ्या वहीत आहेत."

"दोन वर्षं जुन्या मापावर मी कात्री लावत नाही. माणूस एका मापाचा राहत नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग तिचा श्वास ऐकू आला, लांबून आत घेतलेला. मी मनात चार मोजले.

"बघते," ती म्हणाली.

आणि फोन ठेवला.

आता आपल्याकडे 'बघते' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाईक 'बघते' म्हणून गेलं की मी टेबलावरचं कापड आवरून ठेवते. पण धाकटी दुकानात असताना 'बघते' म्हणायची, तेव्हा संध्याकाळपर्यंत काम झालेलं असायचं. या दोन्हींतलं हे कुठलं, ते मला आवाजावरून कळलं नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं.

पुढच्या भेटीत हसरीने वही उघडली. त्या रविवारच्या पानावर एकच ओळ होती: 'ती बघते म्हणाली.' कंस नव्हता. हसरी म्हणाली, "तीन हव्यात ना, मावशी?" मी म्हटलं, "बाकीच्या दोन यायच्यात." आकडा थोडा उतरला होता. तिने मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

त्याला आता पाच आठवडे झाले. मी दोन्ही पट्ट्या अलगद सोडवल्या, पिवळे टाके तसेच राहू दिले, इस्त्री करून तिच्या झाकलेल्या मशीनवर ठेवल्या. कोट माझ्या मापाला आत घेतला. कापण्या-बेतण्याचं जेवढं होतं तेवढं सगळं केलं. मशीनला तेल घातलं, म्हणजे फक्त तेल घातलं, दुसरा हात लावला नाही. मुलांचे झगे हल्ली दोन बोटं सोडून कापते. परवा एका आईने विचारलं, "एवढं कापड कशाला आत?" मी म्हटलं, "श्वास घ्यायला लागतं."

रोज चालते. बागेवरूनच जाते. बँडवाल्यांचे कोट आता तयार दुकानातले आहेत, वाजवताना ते बटणं उघडी ठेवतात. मी थोडा वेळ उभी राहून ऐकते.

कालव्याच्या बाजूने वारा येतो तेव्हा थंडी वाजते, कारण कोटाला आतून काही शिवलेलं नाही. अस्तर नुसतं टाचण्यांवर लटकतंय. पाववाला म्हणतो, "मास्तरीणबाई, लोकांचे कपडे शिवता आणि स्वतःचं अस्तर लावायला वेळ नाही?" वेळ आहे. पण अस्तर लावणं माझं काम नाही. ते तिचं आहे.